घोगऱ्याचा फर्मा

मामाच्या खोलीत मोजपट्ट्या नव्हत्या असं नाही. तीन होत्या. पण त्यांतली एकही त्याने गेल्या वीस वर्षांत हातात घेतल्याचं मामीला आठवत नाही. जे परत परत मोजावं लागतं त्याचा एकदाच फर्मा करायचा आणि मग माप विसरून जायचं, असा त्याचा नियम होता.

खोली घराच्या मागच्या अंगाला, गल्लीकडे शटर असलेली. एक गाडी जेमतेम मावेल एवढी. तिच्यात मामा सव्वीस वर्षं एकच वस्तू बनवत आला होता. गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी एक लहानसा डबा असतो. गिटारची वायर एका बाजूने त्यात शिरते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते. डब्यावरचं बटण पायाने दाबलं की स्वच्छ सूर खरखरीत होतो, घसा बसलेल्या माणसाने जीव तोडून गावं तसा. दुकानात अशा डब्यांना पेडल म्हणतात. मामा त्याच्या पेडलला घोगरा म्हणायचा. वर तीन नॉब, खाली एक बटण, मध्ये एक लाल दिवा. बस.

भिंतीवर खिळ्यांना फर्मे टांगलेले. वायर कापायची फळी: तिच्यावर खिळ्यांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एका वायरची लांबी, आणि कुठली वायर ते कळावं म्हणून खिळ्यांची डोकी मामीच्या नेलपॉलिशने रंगवलेली. दिवा किती उंचीवर सोल्डर करायचा हे ठरवणारा कपड्याचा चिमटा. रेझिस्टरचे पाय वाकवायची, खाचा पाडलेली आइस्क्रीमची काडी. आणि सगळ्यांत मोठा, मधल्या खिळ्यावर, डब्याला भोकं पाडायचा लाकडी फर्मा. त्यात ॲल्युमिनियमचा डबा पालथा बसवायचा, वरची झडप मिटायची, झडपेतल्या पोलादी नळ्यांमधून ड्रिल खाली उतरवायचं. डोळे मिटून केलं तरी भोकं जागच्या जागी.

मार्चमध्ये मामा ट्यूबलाइट बदलताना स्टुलावरून पडला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर निघालं, तेव्हा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटत होते, पण धरत काहीच नव्हते. चमचा धरला की पडायचा. सोल्डरिंग आयर्नची गोष्टच नको.

त्याच सुमारास माझी प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात गेली आणि मी गेले नाही. पंधरा वर्षं मी लोकांची मापं तपासत होते. कारखान्यांतून व्हर्नियर, वजनं, गेज यायची. त्यांतलं कुठलं किती खोटं बोलतं हे आम्ही प्रमाणपत्रावर लिहून द्यायचो. मी मामाकडे दोन महिन्यांसाठी म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात त्याने माझं नाव मिलिमीटर ठेवलं.

“मिलिमीटर, चहा घेणार?”

“अर्धा कप.”

“अर्धा म्हणजे किती? तुझ्या अर्ध्याची मला भीती वाटते.”

एका सोमवारी सकाळी शेजारचा ग्रिलवाला आला. खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. मामाच्या ड्रिल मशीनवर त्याचा डोळा फार दिवसांचा. मशीनभोवती दोन फेऱ्या मारून त्याने हँडल खाली-वर करून बघितलं, जसं काही ते त्याचंच होतं.

“शनिवारी हातगाडी आणतो,” तो म्हणाला.

ग्रिलवाला गेल्यावर मामीने विचारलं, “अहो, खरंच देताय?”

“मशीन वापरणारा हात नाही, तर मशीन ठेवून काय पूजा करू?”

“हिचा हात आहे की.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग शेल्फवरचा बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा डाव्या हाताने काढून माझ्यासमोर ठेवला. आत कापडात गुंडाळलेले बारा सर्किट बोर्ड होते. मामाने पडण्याआधीच्या आठवड्यात सोल्डर केलेले. प्रत्येकावर तीन-तीन पॉट, म्हणजे नॉबच्या खाली फिरणारा भाग, सैनिकांसारखे एका ओळीत उभे.

“दाढीला बारा घोगरे द्यायचेत. शुक्रवारी येतोय. बोर्ड झालेत, डबे कोरे आहेत. भोकं पाड, रंग दे, जोडणी कर. शुक्रवारी दाढी बारा घेऊन गेला तर मशीन इथेच राहील आणि तूही इथेच राहा, हवी तेवढी वर्षं. नाही तर शनिवारी हातगाडी.”

दाढी म्हणजे वाद्यांच्या दुकानाचा मालक. मामाचा घोगरा तो एकटाच विकायचा, आणि मामाच्या हातचा नसेल तर घ्यायचा नाही.

“जमेल,” मी म्हणाले. मला ती खोली हवी होती. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही.

काम सुरू करण्याआधी मी हत्यार तपासते. सवय आहे. लाकडी फर्मा खिळ्यावरून काढला, पुसला आणि व्हर्नियर लावलं. तीन नॉबच्या तीन भोकांपैकी मधलं बरोबर मध्यावर हवं. मामाच्याच हातचा आलेखाच्या कागदावरचा आराखडा खणात होता. त्यावर दोन्हीकडे एकोणीस मिलिमीटर लिहिलेलं. फर्म्यात मात्र डावीकडचं अंतर सतरा पूर्णांक नऊ भरलं आणि उजवीकडचं वीस पूर्णांक एक. मधलं भोक एक पूर्णांक एक मिलिमीटरने डावीकडे सरकलेलं.

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

लाकूड सव्वीस वर्षांचं. फुगलं असेल, आकसलं असेल, नळी बसण्याची जागा झिजली असेल. मला कारण सुचलं आणि कारण सुचल्यावर मी थांबले. मामा तेव्हा मनगटाच्या व्यायामाला गेला होता. तो असता तरी मी विचारलं नसतं. चुकलेल्या मापाबद्दल विचारायचं काय असतं? ते दुरुस्त करायचं असतं.

सोमवारची दुपार आणि मंगळवारची सकाळ मी नवीन फर्मा बनवण्यात घालवली. जाड ॲक्रिलिकचा, नव्या पोलादी नळ्या बसवलेला. एकोणीस आणि एकोणीस. फरक दोन शतांश मिलिमीटरच्या आत. आमच्या प्रयोगशाळेने त्याला आनंदाने प्रमाणपत्र दिलं असतं. मंगळवारी दुपारी बाराच्या बारा डब्यांना भोकं पाडली. ॲल्युमिनियमचा कीस केसांत गेला. मामी म्हणाली, “अंगणात झटकून ये, नाही तर भाजीत चमकेल.” संध्याकाळी डबे काळे रंगवून वाळत ठेवले.

बुधवारी सकाळी पहिला बोर्ड पहिल्या डब्यात बसवायला घेतला.

डावा पॉट त्याच्या भोकात गेला. उजवा गेला. मधला अडला. मला वाटलं, रंगाचा थर आलाय. खरवडला. तरी अडला. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी मी प्रयोगशाळेत कुणाला करू दिली नसती. मी अंगठ्याने दाबलं.

टक.

आवाज लहान होता. बोर्ड काढून पाहिला. मधल्या पॉटच्या एका पायाखालची तांब्याची बारीक पट्टी बोर्डावरून उचकटून वर आली होती.

मग मी दुसरा बोर्ड घेतला आणि दाबला नाही. व्हर्नियरने त्यावरच्या पॉटमधली अंतरं मोजली. सतरा पूर्णांक नऊ, वीस पूर्णांक एक. तिसरा बोर्ड: तेच. बाराव्यापर्यंत तेच.

पॉटचे पाय लवचिक असतात, मिलिमीटरभर इकडेतिकडे सहज वाकतात. सोल्डर करताना ते नेमके कुठे उभे राहतील हे एक लाकडी ठोकळा ठरवतो. ठोकळ्यात तीन भोकं, त्यांत तीन पॉट उलटे उभे करायचे, वरून बोर्ड ठेवायचा आणि मग सोल्डर. तो ठोकळा टेबलाखालीच होता. मी मोजला, आणि त्याचंही मधलं भोक डावीकडे होतं. तेवढंच.

लाकडाचे दोन वेगवेगळे तुकडे सव्वीस वर्षांत अगदी सारखे फुगत नाहीत. हे मला सोमवारी सुचायला हवं होतं.

मामा अंगणात खुर्चीवर बसून रबरी चेंडू दाबत होता. डॉक्टरांनी दिवसातून शंभरदा सांगितलेलं. तो सत्तरनंतर मोजायचं विसरायचा. मी उचकटलेला बोर्ड, काळा डबा आणि माझा ॲक्रिलिकचा फर्मा त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि काय केलं ते क्रमाने सांगितलं. काही गाळलं नाही.

तो बराच वेळ ॲक्रिलिक उन्हाकडे धरून पाहत राहिला. “फार सुंदर झालाय,” तो म्हणाला.

“मामा.”

“अगं, खरंच. माझ्याने असा झाला नसता.” त्याने तो खाली ठेवला. “जुन्याला सगळीकडून मोजलंस?”

“हो.”

“उलटा करून बघितलास?”

मी आत जाऊन लाकडी फर्मा आणला आणि उलटा केला. मागच्या बाजूला, तेलकट झालेल्या लाकडावर, पेन्सिलीने लिहिलं होतं: मधलं भोक डावीकडे गेलं. ठोकळा याच्यावरूनच पाडणे.

“शिंक आली होती,” मामा म्हणाला. “दोन भोकं मस्त पडली, तिसऱ्याला शिंकलो. दिवसभर खपून केलेला फर्मा, चांगलं लाकूड. टाकून देऊ? म्हटलं ठोकळाही याच्यावरूनच पाडतो. दोघं एकमेकांना सांभाळून घेतील. घेतलं की सव्वीस वर्षं.”

“आराखड्यात का नाही बदललंस?”

“आराखडा बघतं कोण?”

“मी बघितला.”

“हो, तू बघणार हे मला कुठे माहीत होतं? तेव्हा तू शाळेत होतीस. फुटपट्टीने भावाला मारायचीस.”

मामी दारात उभी राहून ऐकत होती. “दोघांनी मिळून चूक केलीत,” ती म्हणाली. “यांनी शिंकून, हिने न शिंकता. आता काय करायचं ते बोला. शुक्रवार परवावर आलाय.”

कोरे डबे आणखी नव्हते. मागवले तर आठवडा लागणार. बारा बोर्डांचे छत्तीस पॉट काढून पुन्हा सोल्डर करायचे म्हटलं तर एक पट्टी माझ्या डोळ्यांदेखत उचकटली होती, बाकीच्यांचा काय भरवसा? शिवाय ते बोर्ड मामाच्या उजव्या हाताचं शेवटचं काम होतं. हे आम्ही कुणी बोललो नाही, पण ते बोर्ड खोलायचे नाहीत हे ठरलेलं होतं.

“भोक डावीकडे वाढवते,” मी म्हणाले. “एक पूर्णांक एक. कानशीने. वर वॉशर येतोच, लांबट भोक झाकलं जाईल.”

“हाताने?”

“दर दोन घासांनी मोजत जाईन.”

“बारा डबे हाताने घासलेस तर बारा वेगळ्या चुका होतील.” मामा उठला. “चूक करायचीच तर एकसारखी कर. चल, फर्मा बनवू.”

बुधवारची दुपार त्यात गेली. तो स्टुलावर बसून सांगत होता, मी करत होते. त्याला शब्दांत सांगायची सवय नव्हती. दर वाक्याला त्याचा उजवा हात उठायचा आणि हवेतच राहायचा. डबा घट्ट बसेल असा खोबणीचा लाकडी तुकडा केला. मग लोखंड कापायच्या करवतीचं तुटकं पातं घेतलं. ते इतकं कडक असतं की त्यावर कानस चालत नाही, घसरते. ते पातं भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर एक पूर्णांक एक मिलिमीटरवर उभं ठोकलं. हे अंतर मी मोजलं, आणि या वेळी मामा म्हणाला, “मोज, मोज. इथे तुझंच काम आहे.”

“आणि कळणार कसं, कानस पात्याला पोचली ते?”

“ॲल्युमिनियम कुरकुरतं. पातं किंचाळेल. आवाज बदलला की थांब.”

पहिल्या डब्याला मला विश्वास बसेना, मी मध्येच थांबून मोजलं. चौथ्यानंतर मोजणं सोडलं. कुरकुर, कुरकुर, कुरकुर, आणि मग एकदम कानात दात उगवल्यासारखी ती किंचाळी. थांबायचं. पुढचा डबा. मामीने मध्येच खिडकी लावून घेतली.

बारा डबे झाल्यावर मी मुद्दाम सगळे मोजले. फरक पाच शतांशाच्या आत होता. मामाला सांगितलं नाही. तो विचारणारही नव्हता.

गुरुवारचं काम म्हणजे ती उचकटलेली पट्टी. तिच्या जागी केसाएवढी वायर सोल्डर करायची होती, बाजूच्या तांब्याच्या ठिपक्याला न चिकटवता. मी हे काम पुस्तकातून शिकलेली. मामा माझ्या खांद्यामागे उभा.

“आधी तापव. वायर नाही, ठिपका तापव. आता लाव सोल्डर. थोडं. अगं थोडं म्हणजे थोडं, भात वाढतेयस का? सोड. आयर्न काढ. काढ म्हटलं ना!”

मी काढलं. ठिपका चमकला आणि गोठला.

“फुंकू नकोस,” तो म्हणाला.

“फुंकत नव्हते. श्वास सोडत होते.”

“तोही नको.”

पण तो तिथून हलला नाही, आणि थोड्या वेळाने म्हणाला, “चालेल.” मामी म्हणते, हा शब्द तो लग्नानंतर तिसऱ्यांदा वापरत होता.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत बारा घोगरे तयार होते. बाराही वाजवून पाहिले. मामाने डाव्या अंगठ्याने एक तार छेडायची, मी बटण दाबायचं.

शुक्रवारी अकरा वाजता दाढी आला. उंच माणूस, छातीपर्यंत दाढी, आणि संशयी. बाराही घोगरे त्याने टेबलावर ओळीत मांडून घेतले, खाली वाकला आणि एक डोळा मिटून ओळीच्या एका टोकाकडून बघितलं. मी मामाकडे बघितलं. मामा चेंडूकडे.

“हं,” दाढी म्हणाला. “मामांचेच.”

“कशावरून?” मी विचारलं.

“ताई, तो मधला नॉब. जरा डावीकडे. मामांच्या प्रत्येक डब्यावर असतो. मागच्या वर्षी एक जण घोगरे म्हणून नकली घेऊन आला होता. अगदी सुबक. नॉब बरोबर मध्यावर. तेवढ्यावरूनच म्हटलं, ऊठ, चालू लाग.”

मला हसू आलं. माझ्या फर्म्यातले बारा डबे जसेच्या तसे जोडले गेले असते, तर या माणसाने ते बारा नकली म्हणून परत केले असते.

इथे गप्प बसता आलं असतं. पण पंधरा वर्षं मी प्रमाणपत्रावर दोष लिहूनच सही करत आले होते.

“मधल्या वॉशरखाली भोक लांबट आहे,” मी म्हणाले. “बाराही डब्यांत. मी आधी चुकीच्या जागी पाडलं, म्हणजे बरोबर जागी, आणि मग घासून सरकवलं. आणि या चौथ्यात एक पट्टी माझ्याकडून उचकटली, तिथे वायर जोडली आहे.”

मामाने डोळे मिटून घेतले. मामी ट्रे घेऊन दारातच थांबली.

दाढीने चौथा घोगरा उचलला. खिशातून पाना काढून मधला नॉब आणि वॉशर काढला, लांबट भोक बघितलं. मागचं झाकण उघडून वायर बघितली, ती नखाने हलवून पाहिली. ती हलली नाही. मग सगळं परत बसवलं, गिटार जोडली आणि बराच वेळ वाजवत राहिला. नुसते सूर नाही, एक पूर्ण चाल. बटण दाबलं की खोलीतल्या सगळ्या डब्यांचे पत्रे थरथरायचे.

“भोकाचं काय करायचंय मला? वॉशर आहे ना वर,” तो शेवटी म्हणाला. “आवाज तोच आहे. पण मामा, एक विचारतो. बोर्ड तुमच्या हातचे दिसतायत. यापुढचे कुणाच्या हातचे?”

मामाने चेंडू स्टुलावर ठेवला. उठून भिंतीपाशी गेला आणि लाकडी फर्मा डाव्या हाताने खिळ्यावरून काढून दाढीच्या हातात दिला.

“फर्मा हाच आहे,” तो म्हणाला. “ठोकळाही तोच. सोल्डर ही करेल. तुला जमत असेल तर घे.”

“शिकवलंय?”

“शिकवतोय. श्वास फार सोडते.”

दाढीने फर्मा उलटा केला, मागची पेन्सिल वाचली, दाढीतल्या दाढीत हसला. मग बारा घोगरे खोक्यात भरताना म्हणाला, “दिवाळं निघालेल्या दुकानातून तीसेक रिकामे डबे आलेत माझ्याकडे. सोमवारी पाठवतो. घाई नाही, पण फार उशीरही नको.”

शनिवारी सकाळी ग्रिलवाला हातगाडी घेऊन आला. मामीने त्याला शटरपाशीच चहा दिला आणि मशीन चालू असल्याचा आवाज त्याला तिथूनच ऐकू गेला. चहा संपवून तो हातगाडीवर स्वतःच्याच दोन जाळ्या टाकून गेला.

मी फळीचे तुकडे ड्रिल करत होते. भिंतीवर दोन खिळे वाढवायचे होते. एक करवतीच्या पात्याच्या नव्या फर्म्यासाठी. मामाचं म्हणणं, शिंक कुणालाही येते, असू दे. दुसरा माझ्या ॲक्रिलिकच्या फर्म्यासाठी. मामी म्हणाली टाकून दे, नाही तर कुणीतरी चुकून वापरेल. मामा म्हणाला, एवढी सुंदर वस्तू टाकायची नसते.

मी तो उलटा केला. ॲक्रिलिकवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून सुईने कोरलं आणि कोरलेल्यात मामीचं लाल नेलपॉलिश भरलं:

बरोबर आहे. वापरू नये.